कोहळ्याला मान नसते

तुळजारामराव सलूनमधून निघून घरी पोचायच्या आत त्यांनी मिशी काढल्याची बातमी गल्लीत पोचली होती. तंजावरात राजवाड्याच्या मागच्या अंगाला राहायचं तर एवढं गृहीत धरावंच लागतं. दुधाच्या बूथवरून, इस्त्रीवाल्याच्या गाड्यामागून, समोरच्या गच्चीवरून सगळे डोळे त्या मोकळ्या ओठाला चिकटले. आणि का नाही चिकटणार? तिथे नुसती मिशी नव्हती, एक संस्थान होतं आणि ते सकाळी सकाळी खालसा झालं होतं.

पाटबंधारे खात्यातली उभी नोकरी तुळजारामरावांनी त्या मिशीच्या जोरावर काढली. कालव्याचं पाणी आधी आपल्याच भाताला मिळावं म्हणून तावातावानं आलेले शेतकरी हेडक्लार्कच्या टेबलाशी येत, मिशी पाहत आणि आवाज उतरवत. मिशीमागचा माणूस मात्र लोण्याहून मऊ. त्यांची बायको सुंदरी हे पुरतं ओळखून होती. "मिशी बाहेर ठेवून आंत या," म्हणायची. तिला जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. आता पेन्शन सुरू झाली, साठी समोर दिसायला लागली, आणि या वयात गृहस्थ मिशी काढतो? गल्लीनं आपल्या अकलेप्रमाणे अर्थ लावला. म्हातारा पुन्हा बोहल्यावर चढतोय.

खरं कारण फोनवरून आलं होतं, तेही काही आठवड्यांपूर्वी.

"अप्पा, तुम्ही आजोबा होणार," त्यांची एकुलती एक लेक नंदिता चेन्नईहून म्हणाली. तुळजारामरावांच्या चिमटीत तपकीर होती, ती आनंदानं सगळीकडे उडाली. शिंका देत देत ते हसले. शिंका थांबेपर्यंत ती थांबली.

"अप्पा, बाळंतपणास मला आपल्या घरीं यावेंसें वाटतें. पण तुम्हास होईल कां?"

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज यांच्या पूर्वजांनी दक्षिणेत येताना गाठोड्यात बांधून आणला होता. इथे येऊन पाहतात तो तमिळ शेजाऱ्यांकडेही हाच रिवाज. मग गाठोड्याची गाठ आणखी पक्की झाली. पण माहेर म्हणजे आई. बाळंतिणीचं तेलपाणी, सांबराणीची, म्हणजे ऊदाची धुरी, पथ्याचं जेवण, तान्ह्याला पायांवर घेऊन न्हाऊ घालणं, सगळं आईचं. आई नसली तर मावशी, काकू. बापानं हॉस्पिटलच्या व्हरांड्यात येरझारा घालायच्या आणि नंतर मिठाई वाटायची, की संपलं त्याचं काम.

थोरली बहीण गंगाबाई तिरुवैयारला राहायची. तिनं आपली, दिराजावांची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची अशी कितीतरी पोरं पायांवर घेऊन न्हाऊ घातली होती. आता गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती.

"अम्मा नाहीं त्या घरांत बाळंतीण कोणी आणील कां, तुळजा? कोइंबतूरास सासू आहे, शहाणी बाई आहे. तेथें होऊं दे. तूं बारशास जा, वेष्टि नेसून बस, जेव, ये."

अक्काचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि म्हणूनच ते तुळजारामरावांच्या जिव्हारी लागलं. सुंदरी गेल्यापासून नंदिता घरी यायची ती पाहुण्यासारखी. शनिवारी येई, रविवारी संध्याकाळच्या गाडीचं तिकीट आधीच काढलेलं असे. रिकाम्या स्वयंपाकघराकडे ती बघत नसे, आणि ती बघत नाही हे तुळजारामराव बघत. आज तीच पोर आपणहून येते म्हणत होती. आता नाही म्हटलं तर हे माहेर मिटलं ते मिटलंच.

म्हणून ते मुलीला "होईल" म्हणाले. ठणठणीत आवाजात म्हणाले. फोन ठेवला आणि जाऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. या घरात त्यांना भात आणि रसम यांपलीकडे काही करता येत नव्हतं, आणि आपल्या स्वतःच्या मुलीला लहानपणी त्यांनी एकदाही आंघोळ घातली नव्हती. सुंदरी घालायची. ते बाहेर पेपर वाचायचे.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते शिवगंगा बागेत अनिरुद्धरावांना जाऊन भेटले. अनिरुद्धराव त्यांच्याच ऑफिसातले, त्यांच्या आधी निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून स्वतःला सुधारायला घेतलेले गृहस्थ. आधुनिक पुरुषानं कसं जगावं ते मोबाइलवर कुणी कुणी तरुण सांगतात, ते सगळं अनिरुद्धराव भक्तिभावानं ऐकत. गार पाण्यानं आंघोळ, मोड आलेले मूग, आणि मनगटावर एक घड्याळ. जरा कुठे टेकले की ते घड्याळ उठा म्हणून कुरकुरायचं, आणि बायकोचं आयुष्यात न ऐकलेले अनिरुद्धराव ताबडतोब उठायचे.

"पाय सरळ पसरून जमिनीवर किती वेळ बसतां येतें तुम्हास?" तुळजारामरावांनी विचारलं.

"कशास?"

"असेंच."

अनिरुद्धराव मोहरले. एवढे दिवस एक शिष्य मिळत नव्हता, आज चालत आला होता. "मॉडर्न मॅन व्हायचें मनांत घेतलेंत म्हणा! सरि, सरि, बरें झालें. बॉडी पहिली, माइंड मग." त्यांनी तिथेच गवतावर तुळजारामरावांना बसवलं आणि पायांचे अंगठे धरायला सांगितले. तुळजारामरावांचे हात गुडघ्यांपर्यंत जाऊन थांबले. सगळा जन्म खुर्चीत गेला होता, शरीरानं खुर्चीचाच आकार घेतला होता. पाय पसरले की मांडीमागच्या शिरा अशा ताणायच्या की डोळ्यांत पाणी.

पण माणूस हट्टाला पेटला. रोज गच्चीवर चटई टाकून पाय पसरायला लागला. ऑफिसात मधल्या सुट्टीत सुरू झालेलं तपकिरीचं व्यसन, तेही सोडलं. तान्ह्याजवळ तपकीर कशी चालेल? पहिले काही दिवस नाक आणि माणूस दोघंही सैरभैर झाले. नखं कापली. आणि एके दिवशी त्यांनी आपला गाल आपल्याच दंडाच्या आतल्या मऊ बाजूला घासून पाहिला. मिशी काथ्यासारखी टोचली. त्यांनी टॉवेल उचलला आणि थेट सलून गाठलं. मिशीच्या संस्थानाचं असं झालं होतं.

गल्लीला हे काय माहीत? तिला एवढंच दिसत होतं, की गृहस्थ योगासनं करतो, तपकीर ओढत नाही, मिशी काढली, चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला. अनिरुद्धरावांनी तर बागेत जाहीरच केलं, "माझ्या हाताखालीं आहे. बघा, कसा तयार करतों!" अशा अफवेला तंजावराहून तिरुवैयारला जायला बसही लागत नाही.

इकडे तुळजारामरावांपुढे मोठी अडचण होती. सराव कशावर करायचा? बाहुली हलकी. उशी भिजते. कामराज मार्केटात भाजी घेताना त्यांची नजर कोहळ्यावर गेली. नेमका तान्ह्याएवढा, नेमका तेवढ्या वजनाचा, अंगावर पांढरी पावडर लावल्यासारखा. आणि लहानपणापासून ऐकलेलं आठवलं, की कोहळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, म्हणून बायकांनी तो चिरायचा नसतो, पहिला घाव पुरुषानं घालायचा. त्यांनी एक गोंडस कोहळा निवडला, पिशवीत न टाकता कडेवर घेतला आणि घरी आणला.

तेव्हापासून रोज सकाळी न्हाणीघरात कोहळ्याची आंघोळ. तीळतेल कोमट करायचं, पाय पसरायचे, कोहळ्याला नडगीवर घ्यायचं, पाठ चोळायची, पोट चोळायचं, मग अंगावर पाणी. डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून कपाळावर हाताचा आडोसा धरायचा. कोहळ्याचं कपाळ कोणतं हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं आणि ते रोज तेच धरत. थोड्याच दिवसांत कोहळ्याची पावडर उडाली आणि तो हिरवागार, तुकतुकीत दिसायला लागला. तेल त्यालाही मानवलं.

एका सकाळी गंगाबाई पहिल्या बसनं आल्या. हातातल्या पिशवीत कुंभकोणच्या एका निवृत्त शिक्षिकेची पत्रिका होती. भाऊ लग्न करतोय तर लपून कशाला, आपण उभं राहून करून द्यावं, अशा उदार मनानं त्या आल्या होत्या. दार उघडंच होतं. आतून आवाज येत होता.

"आं आं, रडूं नको. डोळे मीट. पाणी येतें हं. झालें, झालें, माझ्या राजा."

गंगाबाई न्हाणीघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. भाऊ उघड्या अंगानं, पाय पसरून जमिनीवर, नडगीवर कोहळा, हातात तांब्या.

"तुळजा! हें काय?"

तुळजारामरावांना उठायचं होतं, पण पाय बधिर झाले होते आणि कोहळा निसटला असता. "न्हाऊं घालतों," ते म्हणाले.

"कोणास?"

"कोहळ्यास."

गंगाबाईंनी भिंतीचा आधार घेतला. "उतावळा नवरा गुडघ्यास बाशिंग बांधतो म्हणून ऐकलें होतें. कोहळा बांधतो हें आजच पाहिलें!"

मग सगळं सांगावं लागलं. नंदिताचा फोन, तिचं 'होईल कां', आपलं 'होईल'. मिशीसुद्धा. सांगता सांगता तुळजारामरावांनी कोहळा छातीशी धरला. "अक्का, ती येते म्हणते ग. सहज म्हणून बोलली नाहीं ती. मी कसें नाहीं म्हणूं?"

 गंगाबाईंचा राग निघायला वाट शोधू लागला, ती कोहळ्यात सापडली. "पण कोहळा कां रे? दृष्ट काढून रस्त्यावर फोडतात तो! शुभ वस्तु नव्हती घरांत?"

"तूंच सांगितलेंस, कोहळा थोरला लेक म्हणून. म्हणून लेकच धरून चाललों."

गंगाबाईंनी कोहळ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. मग त्या हसायला लागल्या. अशा हसल्या की पदर तोंडात कोंबावा लागला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते सगळं पाणी हसण्याचं नव्हतं हे दोघांनाही कळलं. डोळे पुसून त्यांनी स्टूल ओढलं, पुढे झुकून भावाचे हात पाहिले.

"हात वाईट नाहीं. पण कोहळ्याला मान नसते, तुळजा. लेकराची सगळी भीति मानेंत. एवढे दिवस ह्यास चोळलेंस, मान धरायला शिकला नाहींस. पोर हातांत आलें असतें तर काय झालें असतें?"

तुळजारामरावांचा चेहरा पांढराफटक पडला. आठवडेच्या आठवडे केलेली सगळी तयारी त्या एका वाक्यानं पाण्यात गेली. अक्का मात्र उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. बऱ्याच वर्षांनी त्या घरात एका बाईनं डबे उघडण्याचा आवाज झाला. त्यांनी एका फडक्यात तांदूळ भरले, गाठ मारली आणि ते गाठोडं दोरीनं कोहळ्याच्या देठाला बांधलं, असं सैल, की उचललं की ते मागे लोंबेल.

"हें त्याचें डोकें. हें एकदां जरी मागें पडलें तरी मी स्वतः नंदिताला कोइंबतूरास ठेवीन. उचल."

पडलं. पुन्हा पडलं. तुळजारामराव घामाघूम झाले. अक्का स्टुलावरून खेकसत होत्या, "कोपरावर घे! बोटें पसर! फाइल धरतोस कां?" दुपारपर्यंत तांदळाचं डोकं त्यांच्या तळहातावर गप्प राहायला लागलं. अक्कांनी पिशवीतली पत्रिका बाहेर काढलीच नाही. जाताना दारातून मात्र म्हणाल्या, "पायावरचे केंस काढ. पोरास टोंचतील."

सलूनवाल्यानं हे ऐकलं तेव्हा त्याच्या हातातला वस्तरा थांबला. त्यानं तुळजारामरावांची पोटरी पाहिली, चेहरा पाहिला आणि अदबीनं विचारलं, "सार, कल्याणम, लग्न केव्हा?"

"लवकरच," तुळजारामराव म्हणाले. त्यांनाही आता मजा यायला लागली होती.

दर आठवड्याला अक्का यायच्या. बाळंतिणीचं लेह्यम, म्हणजे औषधी चाटण, त्यांनी भावाकडून करून घेतलं. सुंठ, मिरे, गूळ, तूप, सगळं प्रमाणात, आणि पहिल्या खेपेला गूळ असा करपला की गल्लीला वास गेला. लसूण घालून पथ्याचं रसम, सांबराणीचे निखारे, सगळं झालं. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनाही तुळजारामराव विचारून आले. त्या म्हणाल्या, बाळाच्या नाकाकानात तेल घालायचं नाही. अक्का खवळल्या. "तुझ्या नाकांत घातलें होतें."

"म्हणूनच नक्को, अक्का. बघ मी कसा झालों."

अक्कांनी तेलाची वाटी बाजूला सारली, आणि तेलाचा मुद्दा निकालात निघाला.

सातव्या महिन्यात कोइंबतूरला ओटीभरण झालं. हिरव्या बांगड्या, फुलांची वेणी, चित्रान्नाचे ढीग. रिवाज असा की त्यानंतर लेकीनं बापाबरोबर माहेरी निघायचं. नंदिताची बॅग खोलीच्या दाराशी भरून ठेवली होती, पण ती गाडीत जाणार की पुन्हा कपाटात, हे अजून कुणी बोललं नव्हतं. जावई कार्तिक आपला बायकोकडे पाहत होता. विहीणबाई हरिता मायाळू होत्या. त्यांनी ताटं उचलल्यावर शांतपणे विषय काढला.

"राग मानूं नका, तुळजारामराव. घरांत बाई नाहीं. गंगाबाईंस गुडघ्याचें दुखणें. लेकरूं न्हाऊं घालायचें कोणीं?"

"मी," तुळजारामराव म्हणाले.

दिवाणखान्यात खसखस पिकली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, पुरुष त्यांच्या नव्या ओठाकडे पाहून. तुळजारामरावांनी खाली मान घातली. मिशी असती तर निदान तिच्यामागे लपता आलं असतं. नंदितानं बापाकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पुन्हा तोच प्रश्न दिसला, होईल का?

तेवढ्यात कोपऱ्यातून अक्कांचा आवाज आला. आयुष्यात भावाची स्तुती केली नव्हती त्या बाईनं. "तोच घालील. मीं पाहिलें आहे. माझ्यापेक्षां त्याचा हात हलका आहे."

हसणं थांबलं. हरिताबाईंनी गंगाबाईंकडे पाहिलं. मग उठल्या आणि स्वतः जाऊन नंदिताची बॅग उचलून कार्तिकच्या हातात दिली. "जा, गाडींत ठेव," म्हणाल्या.

आषाढात तंजावरच्या हॉस्पिटलात नंदिताला मुलगी झाली. तिची नाळ पडली, डॉक्टरांनी हो म्हटलं, आणि आंघोळीचा दिवस आला. न्हाणीघराच्या दारात अक्का पदर खोचून स्टुलावर बसल्या होत्या. ऐनवेळी काही झालं तर गुडघे गेले खड्ड्यात, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. तुळजारामरावांनी पाय पसरले. नंदितानं वाकून बाळ त्यांच्या नडगीवर ठेवलं.

आणि ते सगळं विसरले. कोहळा कधी हलला नव्हता. ही हलत होती, लाल होत होती, आभाळ फाटेल असं ओरडत होती. एवढी ऊब त्यांच्या पायांवर कधी आली नव्हती. हात हवेतच राहिले.

"तुळजा, मान," अक्का हळूच म्हणाल्या.

तळहात आपोआप गेला. ते इवलं डोकं बरोबर त्यात बसलं, जसं काही मोजून घेतलं होतं. तेल लागलं, पाठ चोळली, कपाळावर हाताचा आडोसा धरून कोमट पाणी सोडलं. रडणं उचकीवर आलं, मग थांबलं. पोरीनं डोळे उघडले आणि आजोबाच्या बोडक्या ओठाकडे गंभीरपणे पाहत राहिली.

"होतें की हो, अप्पा," नंदिता म्हणाली.

बाळाला गुंडाळून अक्कांनी मांडीवर घेतलं. तुळजारामराव भिंतीला धरून कसेबसे उठले. त्यांना वाटलं, झालं. पण नंदिता तिथेच उभी होती, केस सोडून.

"माझेहि," ती म्हणाली. लहान आवाजात म्हणाली.

तिला न्हाऊ घालायचं अक्कांचं ठरलं होतं, पण केसांचं कुणी काही ठरवलं नव्हतं. ती पाटावर पाठमोरी बसली, लहानपणी सुंदरीपुढे बसायची तशी. तुळजारामरावांनी तिच्या डोक्याला तेल लावलं, शिकेकाईनं धुतलं, मग खोलीत आणून टॉवेलनं टिपून एकेक बट सांबराणीच्या धुरावर धरली. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. रोज पेपरच्या वरून चोरून पाहिलेलं मात्र होतं.

"अम्मा ओढायची," डोळे मिटून नंदिता म्हणाली. "मी रडायचें."

"मग ओढूं कां?"

"नक्को." ती हसली. जरा वेळानं, अर्धवट झोपेत, म्हणाली, "अप्पा, दिवाळी येथेंच करूं या. मला परतायची घाई नाहीं."

 तिची मान पेंगून एका बाजूला कलली, तिच्याखाली तुळजारामरावांनी तळहात धरला. गुडघे कुरकुरत होते, पण ते जागचे हलले नाहीत. बाहेर दारावर तो तुकतुकीत कोहळा शिंक्यात टांगला होता, कारण त्याला चिरायची कुणाचीच छाती झाली नव्हती. अक्का नातीला त्याच्यासमोर धरून सांगत होत्या, "हा बघ तुझा थोरला भाऊ. तुझ्या वांट्याचा सगळा त्रास यानेंच सोसला." तुळजारामरावांना मोठ्यानं हसायचं होतं, पण लेक जागी झाली असती, म्हणून ते नुसतेच हसले.